मुलाबाळांसह स्पेनच्या समुद्रकाठी : जायचे केव्हा, राहायचे कसे?

गावोगाव फिरताना हल्ली एक नवाच प्रश्न कानी येतो. खतांचे, फवारणीचे बोलणे झाले की चहाच्या वेळी घरधनी हळूच विचारतात, "साहेब, थोरला जर्मनीत असतो. तो म्हणतो, पोरांना घेऊन या, आठ दिवस स्पेनच्या समुद्रावर राहू. जावे का?" पाठीमागून वहिनींचा प्रश्न येतो, "आणि म्हशीचे कोण बघणार?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. खर्च मोठा आहे आणि अशी संधी आयुष्यात बहुधा एकदाच येते. आमचेही चिरंजीव तिकडेच असल्याने रीतसर परवानगी काढून आम्ही उभयता एका ऑक्टोबरात स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील आल्मुन्येकर या लहानशा गावी राहून आलो. शेतकरी कुटुंबाने जायचे तर असेच गाव निवडावे, असे माझे मत आहे. मोठ्या शहरांच्या किनाऱ्यांवर उंच हॉटेले आणि गर्दी. येथे समुद्राला पाठ केली की समोर बागायत दिसते.

हे गाव ग्रानादा प्रांतात आहे. पाठीशी सिएरा नेवादा हा बर्फाचा डोंगर आहे. त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ३,४८० मीटर उंच. उत्तरेचे गार वारे तो अडवतो, म्हणून किनाऱ्यावर हिवाळ्यातही दव गोठून पाने करपत नाहीत, आणि युरोपात असूनही आंबा, आवाकाडो आणि चिरिमोया पिकतो. चिरिमोया म्हणजे आपल्या सीताफळाचा थंड हवेतला भाऊ. साल गुळगुळीत, गर घट्ट, बिया कमी. गावामागे नदीच्या खोऱ्यात हेते नावाचे खेडे आहे. तेथली 'फिनो दे हेते' ही चिरिमोयाची तिकडची मुख्य जात.

सीताफळवाल्यांनी एक गोष्ट मुद्दाम ऐकावी. ह्या फुलाची रीत अशी की ते आधी मादी असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर होते. त्यामुळे एकाच फुलात आपोआप फळधारणा होणे कठीण. तेथे हे काम करणारे किडे पुरेसे नाहीत. म्हणून उन्हाळ्यात शेतकरी एका दिवशी परागकण गोळा करतात आणि उमललेल्या दुसऱ्या फुलांवर कुंचल्याने किंवा छोट्या फुंकणीने सोडतात. असे एकेक फूल हाताळावे लागते. फळ मग गोल, सारखे भरते. आपल्याकडे वेडीवाकडी फळे का धरतात, ह्याचे अर्धे उत्तर यात आहे.

आता हंगामाचे. जुलै-ऑगस्टात तेथे सगळा स्पेन समुद्रावर लोटतो. जागा मिळत नाही, मिळाली तर भाडे चढे. शिवाय तेव्हा आपल्याकडे पेरणी-कोळपणी असते. समुद्र उबदार आणि गर्दी ओसरलेली असा उत्तम महिना म्हणजे सप्टेंबर. ऑक्टोबरातही पाण्यात उतरता येते, आंब्याची काढणी चालू असते आणि चिरिमोया बाजारात येऊ लागतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणे सोयीचे वाटेल. पण सोयाबीनची काढणी, रब्बीची पेरणी, द्राक्षवाल्यांची छाटणी हे सगळे त्याच सुमारास येते. जिरायतदाराने मे महिना धरावा. हवा उत्तम असते, भाडेही कमी, मात्र पाणी गार असते. मुले तरी उतरतातच, मोठ्यांनी काठावर बसावे. उसाच्या किंवा फळबागेच्या मालकांनी आपापल्या पाणीपाळ्या आणि तोडीच्या तारखा पाहून ठरवावे. म्हशीसाठी भावकीत आधीच शब्द टाकून ठेवावा. हा व्हिसाइतकाच महत्त्वाचा कागद आहे.

व्हिसाची तयारी मात्र तीन महिने आधी सुरू करावी. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. मुलाकडे जर्मनीत पंधरा दिवस आणि स्पेनमध्ये आठ दिवस असतील, तर अर्ज जर्मनीकडे जातो. अनेकांचा येथेच घोटाळा होतो. २०२४ च्या जूनपासून मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५ युरो असून सहा वर्षांखालील मुलांना फी नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. नातवंडे आजी-आजोबांबरोबर जाणार असतील, तर आई-वडिलांचे संमतिपत्र नोटरी करून न्यावे.

शेतकऱ्याची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही बहुधा नसते. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर, बाजार समितीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले आणि सहा महिन्यांचा बँक उतारा जोडावा. ऐनवेळी खात्यात मोठी रक्कम भरून दाखवू नये. ती कोणाची, हा प्रश्न येतो.

आल्मुन्येकरला रेल्वे नाही. मालागा विमानतळावर उतरून बसने किनाऱ्याच्या रस्त्याने जावे लागते. उतरायला हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. दुपारचे जेवण तेथे दोन वाजल्यानंतर, रात्रीचे नऊच्या पुढे. आपली मुले तोवर झोपतात! दुपारी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून भाजीपाला सकाळीच आणून ठेवावा.

शाकाहारी मंडळींनी 'सिन कार्ने, सिन पेस्कादो' हे शब्द पाठ करावेत. म्हणजे मांस नको, मासे नकोत. नुसते शाकाहारी म्हटले तर वाढणारा भाजीवर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरतो, त्याला ते मांस वाटतच नाही. आमच्या सौभाग्यवतींना एक पदार्थ फार आवडला : वांग्याचे काप तळून त्यावर सोडलेली उसाची काकवी. ऊस या किनाऱ्यावर अरबांनी आणला आणि शेकडो वर्षे पिकवला गेला. शेजारच्या सालोब्रेन्याजवळचा शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद पडला आणि ऊसही गेला. काकवी करणारा एक कारखाना जवळच्या फ्रिहिल्याना गावी अजून आहे. ऊसपट्ट्यातल्या माणसाने तो रस्ता जरूर करावा.

समुद्राविषयी. वाळू पिवळी नाही, काळसर राखाडी असून खडे फार. मुलांना रबरी चपला घ्याव्यात. आपल्या कोकणासारखी मोठी भरती-ओहोटी तेथे नाही, पण काठापासून थोड्याच अंतरावर खोली वाढते. हिरवा, पिवळा, लाल असे निशाण लावलेले असते. लाल असेल तर पाण्यात पाय घालू नये. ऑक्टोबरातल्या वादळाची थट्टा नको. १५६२ साली त्याच महिन्यात शेजारच्या ला एर्रादुराच्या उपसागरात आसऱ्याला आलेले आरमार बुडाले आणि हजारो माणसे गेली. लाटा नकोशा झाल्या की गावातच किल्ला आहे आणि मासे खारवण्याच्या रोमन काळातल्या टाक्या बागेत पाहायला मिळतात. ग्रानादाचा अलहंब्रा राजवाडा पाहायचा असेल तर तिकीट बरेच आधी काढावे आणि पासपोर्ट बरोबर ठेवावा.

तेथल्या शेतकऱ्याचे रडगाणेही ओळखीचे निघाले. रूलेसचे धरण २००४ साली पूर्ण झाले, पण शेतापर्यंत पाणी नेणारे नळ वर्षानुवर्षे रखडले. २०२३ च्या दुष्काळात शेजारच्या मालागा प्रांतात आवाकाडोची झाडे पाण्यावाचून छाटावी लागली. धरण दिसते आणि पाणी दिसत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

शेवटी पिशवीचे. जाताना तूप, पेढे, खवा नेऊ नये. दुधाचे व मांसाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत. मुलासाठी आंब्याची पेटीही रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय चालत नाही. मेतकूट आणि भाजलेल्या चटण्या न्याव्यात. येताना चिरिमोयाच्या बिया किंवा कलमाच्या काड्या खिशात घालण्याचा मोह आपल्याला होणार, हे मी ओळखून आहे. आयात परवाना आणि दाखला नसेल तर तो कायद्याने गुन्हा आहे. एका बीबरोबर कोणता रोग येईल, ते सांगता येत नाही. शिवाय ते अँडीज पर्वतातल्या गार हवेचे झाड आहे. बीडच्या नाहीतर सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकायचे नाही. फळ तेथेच काठावर बसून चमच्याने खावे आणि बिया तेथल्याच कचरापेटीत टाकाव्यात.