प्रवेशपत्राची वाट पाहताना : गाव आणि शहर

उच्च माध्यमिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मॉरिशसमधील विद्यार्थी वर्षाच्या अखेरीस घरी परततो, तेव्हा त्याच्या आयुष्यात प्रथमच एक रिकामा काळ येतो. उत्तरपत्रिकांची तपासणी केंब्रिजकडे. निकाल नव्या वर्षाच्या आरंभी. त्यानंतर विद्यापीठांकडे अर्ज. आणि अर्जाचे उत्तर येईतो आणखी काही महिने. बाहेर गुलमोहर फुललेला असतो, लीचीच्या झाडांवर वटवाघळांपासून रक्षणासाठी जाळी पसरलेली असतात, रेडिओवर चक्रीवादळाच्या वार्ता येत असतात. ओसरीवर बसलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात मात्र एक तराजू हेलकावत असतो. त्याच्या एका पारड्यात गाव असते आणि दुसऱ्यात शहर.

कास्कावेलसारखे मराठी वस्तीचे एखादे गाव घ्यावे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उसाची शेते आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. येथे मुलाला त्याच्या नावाने कमी आणि आजोबांच्या नावाने अधिक ओळखतात. बुतिकमध्ये साखर आणावयास गेले तरी दुकानदार निकालाविषयी विचारतो. गणेशचतुर्थीला मूर्तीची सजावट कोणी करावयाची, भजनात मृदंग कोणी धरावयाचा, कोणाच्या घरच्या गोंधळाला कोणी रात्र जागवावयाची, हे न सांगता ठरलेले असते. मनुष्य आजारी पडला तर वैद्याच्या आधी शेजारीण दारात उभी राहते.

हे सारे खरे असले, तरी दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या शेजारणीला आजार कळतो, तिला मुलीचे गुणही कळतात, आणि ते दुसऱ्या दिवशी सर्व गल्लीला कळतात. मुलगी सायंकाळी उशिरा परतली तर तिच्याआधी तिची वार्ता घरी पोहोचते. ज्याला गणितापेक्षा चित्रकला प्रिय आहे, त्याला ती आवड समजून घेणारा सोबती गावात मिळेलच असे नाही. गावाची माया आणि गावाची नजर या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत; एकाच नाण्याला दोन बाजू असाव्यात तशा त्या आहेत.

शहराचेही तसेच. पोर्ट लुईच्या बाजारात, रोझ हिलच्या स्थानकावर किंवा क्युरपिपच्या पावसात छत्री धरून चालताना कोणी कोणाला ओळखत नाही, आणि तरुण मनाला हा अनोळखीपणा प्रथम स्वातंत्र्यासारखा वाटतो. क्युरपिपच्या कार्नेगी वाचनालयात दिवसभर बसले तरी कोणी हटकत नाही. नाना धर्मांचे, नाना भाषांचे समवयस्क भेटतात. घरात ज्या प्रश्नाला उत्तर नव्हते, त्यावर तेथे वाद होतो. परंतु ज्या दिवशी ताप येतो, त्या दिवशी तोच अनोळखीपणा बोचू लागतो. भाड्याची खोली, विकतचे जेवण, वाहनांची गर्दी आणि रविवारची पोकळ दुपार यांचा हिशेब प्रवेशाच्या अर्जात कोठेही लिहिलेला नसतो.

असे असूनही तराजू बहुधा आधीच शहराकडे झुकलेला असतो. त्याचे कारण शोधावयाचे झाल्यास पोर्ट लुई बंदरावरील आप्रवासी घाटापर्यंत मागे जावे लागते. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख गिरमिटिया मजूर हिंदुस्थानातून या बेटावर आले. त्यांतील मराठी माणसे मुंबई बंदरातून निघाली. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा अशा मुलुखांतील ती होती. घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ती वर आली, तेथे त्यांच्या नावापुढे एक क्रमांक पडला, आणि कोणत्या मळ्यावर जावयाचे याचा निर्णय होईपर्यंत ती तेथेच थांबली. 2006 साली हा घाट जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. त्या मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत, आणि अनेक कुटुंबांनी आपल्या पणजोबांचे गाव प्रथम त्या कागदांतच वाचले.

मळ्यावरील छावणीत आयुष्य काढणाऱ्या त्या पिढ्यांनी मुलांना एकच धडा दिला : उसातून बाहेर पडावयाचे असेल तर पुस्तकातून वाट काढली पाहिजे. दिवसभर कोयता चालवून रात्री बैठकेत दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवली गेली, ती याच आशेने. बाहेर पडणे म्हणजे मुक्ती, हे समीकरण त्या काळी अगदी योग्य होते. वासाहतिक काळात उच्च शिक्षणाची वाट काही थोड्यांनाच मोकळी होती, आणि ती थेट विलायतेला जात होती.

पुढे काळ बदलला. 1965 साली रेद्वी येथे मॉरिशस विद्यापीठ स्थापन झाले. 1968 साली देश स्वतंत्र झाला. 1970 साली महात्मा गांधी संस्था उभी राहिली. 1977 पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले, 2005 पासून विद्यार्थ्यांना बसचा प्रवास विनामूल्य झाला, आणि 2019 पासून सार्वजनिक उच्चशिक्षण संस्थांतील पूर्णवेळ पहिल्या पदवीचे शिक्षणशुल्कही सरकारने माफ केले. 2023 साली मेट्रो रोझ हिलहून एबेनमार्गे रेद्वीपर्यंत पोहोचली. पासष्ट किलोमीटर लांबीच्या या बेटावर विद्यापीठ आता इतके जवळ आले आहे की, सकाळी गावातून निघून सायंकाळी आईच्या हातचे जेवण जेवणे अनेकांना शक्य झाले. फ्लिक-आं-फ्लाकजवळ तर जेथे पूर्वी केवळ ऊस डोलत होता, त्या परिसरात आज विद्यापीठांच्या इमारती उभ्या आहेत. पणजोबांनी ज्या उसातून सुटका व्हावी म्हणून पोटाला चिमटा घेतला, त्याच उसाच्या कडेला पणतू व्याख्यान ऐकावयास जाऊ शकतो.

समीकरण मात्र जुनेच राहिले. गाव सोडला तो पुढे गेला, राहिला तो मागे पडला, असे घरोघरी अजूनही मानले जाते. राज्य शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांची नावे जाहीर होतात त्या दिवशी ज्या घरावर हार चढतात, त्याच्या शेजारच्या घरात एखादा मुलगा दार लावून बसलेला असतो. त्याचे गुण वाईट नसतात, फक्त पहिल्यांत नसतात.

या तराजूत काही घरांतून तिसरे वजन पडते, आणि ते म्हणजे भारतातील महानगर. भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर मॉरिशसमधील विद्यार्थी भारतातील विद्यापीठांत जातात. मराठी कुटुंबातील मुलाच्या अर्जात पुणे किंवा मुंबई ही नावे येतात, तेव्हा घरातील वृद्ध क्षणभर गप्प होतात. ज्या मुंबईच्या धक्क्यावरून एक पूर्वज निघाला आणि परतला नाही, तेथे त्याच्या वंशातील कोणीतरी पदवी घेण्यासाठी उतरणार असते. मुंबई विद्यापीठ 1857 चे आणि पुणे विद्यापीठ 1949 चे. ज्या वर्षी मुंबईत विद्यापीठ निघाले, त्या वर्षीही त्याच बंदरातून मजुरांचे जथे समुद्रापार जात होते. एकाच शहराची ही दोन दारे होती, आणि कोकणातील गरीब कुणब्याला त्यांतील एकच दार ठाऊक होते.

तथापि पूर्वजांची भूमी म्हणून महानगर सोपे होत नाही. संपूर्ण मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची लोकसंख्या 31 लाखांहून अधिक आणि मुंबईची 1 कोटी 24 लाखांहून अधिक भरली. आजीकडून ऐकलेली मराठी तेथे बोलू गेल्यास ऐकणारा कौतुकाने हसतो, आणि ते हसू प्रथम टोचते. क्रेओल बोलावयास कोणी नसते. गणेशोत्सवाच्या प्रचंड गर्दीत उभे असताना गावच्या नदीवरील लहानसे विसर्जन आठवते. ज्याला मॉरिशसमध्ये सर्व जण मराठी म्हणून ओळखतात, त्याला महाराष्ट्रात मॉरिशसचा म्हणून ओळखतात. परदेशी आपण कोठे आहोत, हा प्रश्न त्याला तेथेच पहिल्यांदा भेटतो, आणि हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नमूद नसले तरी मोलाचे असते.

आता प्रश्न उरतो तो वाट पाहण्याचा. आजकाल उत्तर टपालाने येत नाही. ते फोनच्या पडद्यावर येते, आणि म्हणून दिवसातून पन्नास वेळा पडदा पाहिला जातो. आई देवापुढे दिवा लावते, वडील काही न विचारता पंपाचे किंवा छपराचे काम काढतात. त्यांना मुलगा जावा असेही वाटते आणि राहावा असेही वाटते. दोन्ही इच्छा एकाच हृदयात असल्यामुळे ते एकही उच्चारत नाहीत. मुलाला हे मौन अपेक्षेचे ओझे वाटते. वस्तुतः ते मायेचे असते. अशा वेळी घरात एक वाक्य मोठ्याने बोलले जाणे आवश्यक आहे : नकार आला तरी या घरात तुझे ताट तसेच वाढले जाईल. हे वाक्य गृहीत धरले जाते, म्हणूनच बोलावयाचे राहून जाते. आणि न बोलल्यामुळे कोवळ्या मनांवर किती जखमा होतात, याची गणना कोठेही ठेवलेली नसते.

वाट पाहणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानी धरावी. गाव आणि शहर यांची तुलना अवश्य करावी, कारण तुलनेवाचून दोहोंचीही ओळख पटत नाही. ज्याने गाव सोडण्याचा विचारच केला नाही, त्याने भजनाचा सूर नीट ऐकलेला नसतो. जाण्याची वेळ जवळ आली म्हणजे तो सूर निराळा ऐकू येतो. परंतु ही तुलना उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांची करू नये. ज्याला रसायनाची मोठी प्रयोगशाळा हवी आहे, त्याने ती जेथे असेल तेथे जावे. ज्याला रेद्वीस शिकून घरी राहावयाचे आहे, त्याने मान खाली घालू नये. जो जातो, त्याने पत्ता ठेवून जावे, आणि सुटीत परत आल्यावर मृदंग हाती घ्यावा. जो राहतो, त्याने बैठकेतील लहान मुलांना अक्षरे शिकवावीत, कारण गेलेल्याला परत येण्यासाठी गाव जागे असावे लागते.

आप्रवासी घाटावर थांबलेल्या माणसांना कोठे जावयाचे हे विचारले गेले नव्हते. त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी ठरविले आणि नावापुढे क्रमांक लिहिला. त्यांच्या वंशजाला आज अर्ज करता येतो, दोन जागा आल्या तर एक नाकारता येते, एक दार लागले तर दुसरे ठोठावता येते, आणि गेल्यावर परतताही येते. वाट पाहण्याचे दिवस लांबले म्हणून जीव कासावीस झाला, तर एका दुपारी बस धरून पोर्ट लुईला जावे आणि त्या सोळा पायऱ्या एकदा सावकाश चढून पाहाव्यात. वर पोहोचल्यावर शहर समोर असते आणि मागे समुद्र. पणजोबांना तेथून पुढे एकच वाट होती.