जुन्या पॉवर टिलरची परीक्षा

टिटवाळा म्हटले की महागणपतीचे देऊळ आठवते. पण काळू नदीच्या काठचा हा परिसर भाताचाही आहे. नव्या इमारतींच्या गर्दीतून थोडे पलीकडे गेले, तर बांधांनी आखलेली लहान लहान खाचरे दिसतात. तेथे मोठा ट्रॅक्टर वळवायला जागा नसते, शिवाय तो चिखलात रुततो. अशा ठिकाणी कामाला येतो तो पॉवर टिलर, म्हणजे मागून मुठी धरून चालवायचा दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टर.

१९६७ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने, तर १९७३ साली स्थापन झालेल्या केरळ सरकारच्या कामको कंपनीने कुबोटाच्या तंत्राने असे टिलर बनवले. एका सिलिंडरचे, सुमारे बारा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, गिअरपेटी आणि माती घुसळणारी फिरती पाती एवढाच त्याचा संसार. यंत्र साधे, म्हणून दुरुस्त करून पुष्कळ वर्षे वापरता येते. नवे परवडत नाही तो शेतकरी जुने शोधतो. मात्र निवड चुकली तर फटका मोठा असतो. भाताची रोपे पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत लावणीला येतात. ऐन जुलैत टिलर बंद पडला तर रोपे थांबत नाहीत. ती निबर होतात आणि पुढे त्यांना फुटवे कमी येतात.

मग जुने यंत्र पारखायचे कसे? रंगावर जाऊ नये. रंगाचा डबा ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे! पाहायचे ते इंजिनाचे ‘कम्प्रेशन’.

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा जोरात रेटा. पंप गरम लागतो. हवा झटकन दाबली की आपण केलेले कार्य उष्णतेच्या रूपाने तिच्यात राहते. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतोच. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या साधारण विसाव्या भागात कोंबतो. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले, तर हवा निसटते, पुरेशी तापत नाही, आणि कितीही हँडल मारले तरी इंजिन पेटत नाही.

म्हणून इंजिन थंड असताना, डिझेल बंद करून, हँडलने ते हळूहळू फिरवावे. चांगल्या इंजिनात एका जागी जोराचा अडसर लागतो आणि हात सैल केल्यास पिस्टन स्प्रिंगसारखा मागे रेटतो. हँडल सहज पुढे सरकले तर हवा गळते आहे. गळती कोठे, हे शोधण्याची मेकॅनिकची जुनी युक्ती मोठी शास्त्रीय आहे. तो सिलिंडरमध्ये अगदी थोडे इंजिन ऑइल सोडतो आणि पुन्हा हँडल फिरवतो. तेल रिंगांभोवतीची फट बुजवते, पण व्हॉल्व्हची फट बुजवत नाही. अडसर वाढला तर दोष रिंगांचा किंवा लायनरचा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह घासून बसवणे थोडक्यात होते. लायनर-पिस्टन बदलायचे म्हणजे इंजिन उघडावे लागते, तेव्हा किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.

कम्प्रेशन उत्तम, टाकीत डिझेल आहे, तरी इंजिन मुकेच? मग इंधनाच्या नळीत हवा अडकली असेल. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा रेटा थेट नॉझलपर्यंत पोहोचतो. हे नॉझल उघडायला वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. मध्ये बुडबुडा असला तर तोच आकसतो नि फुगतो, आणि नॉझल बंदच राहते. जोडाचा नट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू दिले की काम होते. कित्येक ‘मेलेली’ इंजिने एवढ्यावर जिवंत झाली आहेत.

सुरू झाल्यावर धूर पाहावा. निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. आधी एअर फिल्टर साफ करावा. थंड इंजिन क्षणभर पांढरा धूर सोडते, ते चालेल. गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर कम्प्रेशनकडे पुन्हा वळावे, किंवा सिलिंडरमध्ये पाणी तर झिरपत नाही ना, हे पाहावे.

राहिली फिरती पाती. ही कल्पना ऑस्ट्रेलियातील आर्थर हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली आपल्या वडिलांच्या शेतावर अजमावली होती. आपल्या खाचरात ही पाती माती आणि पाणी एकजीव करतात. मातीची बारीक छिद्रे बुजतात आणि पाणी खाली न झिरपता रोपांपाशी थांबते. पण हाच चिखल पात्यांच्या दांड्यावरील रबरी सील कुरतडतो. इंजिन बंद करून दांडा हलवून पाहावा. खुळखुळला तर बेअरिंग गेले. मग गिअरपेटीतले थोडे तेल काढावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. असे तेल दातांवर टिकत नाही आणि गिअर झिजतात. सील, तेल आणि गरज पडल्यास बेअरिंग, हे काम मे महिन्यातच उरकावे, म्हणजे सुटा भाग मिळायला उशीर झाला तरी लावणी गाठता येते.