सँटियागोपासून राजगीरपर्यंत

9 मार्च 2008 रोजी चिलीतल्या सँटियागोमध्ये ग्रेट ब्रिटनने भारताला 2-0 असं हरवलं आणि 1928 नंतर पहिल्यांदाच भारतीय पुरुष हॉकी संघाविना ऑलिम्पिक होणार हे ठरून गेलं. आठ सुवर्णपदकांचा देश पात्रता फेरीतच अडकला. मुंबईकर प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ संघटनेचे सरचिटणीस पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेने हॉकी महासंघालाच घरी बसवलं. याच संघाने सहा महिन्यांपूर्वी चेन्नईत भरगच्च स्टेडियमसमोर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोरियाला 7-2 असं धुतलं होतं. म्हणजे खेळ मेला नव्हता. खेळाची व्यवस्था कुजली होती, आणि सँटियागोने ते उघड्यावर आणलं इतकंच.

तेव्हापासूनची ही सगळी वर्षं मी या संघाच्या मागे आहे. या काळात संघ कसा उभा राहिला हे पुष्कळांनी लिहिलंय. पण संघाबरोबर त्याचा पाठीराखाही नव्याने घडत गेला, आणि ते काम संघ बांधण्याइतकंच अवघड होतं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पुण्यातल्या खडकीचं हॉकीवेड ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं पटेल. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका बांधून खेळत धनराज पिल्ले इथेच मोठा झाला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, आणि 1998 च्या बँकॉक एशियाडमध्ये कर्णधार म्हणून सुवर्ण. धनराज चेंडू घेऊन निघाला की मैदानाभोवतीची माणसं आपोआप पुढे सरकायची. आमची आवड त्या धावेवर पोसली गेली. एकट्याने तिघांना चकवणं म्हणजे हॉकी, बाकी सगळं भरताड, असंच आमच्यापैकी बहुतेकांना वाटायचं. सिडनीत 2000 साली पोलंडने शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल केला आणि उपांत्य फेरी हातातून निसटली, तेव्हाही चर्चा झाली ती नशिबाची. आघाडी असताना शेवटची पाच मिनिटं चेंडू कसा राखायचा, हा प्रश्न विचारायची सवयच आम्हाला नव्हती.

2010 च्या जानेवारीत, विश्वचषक तोंडावर असताना, बालेवाडीच्या शिबिरात खेळाडूंनी थकलेल्या मानधनासाठी सराव थांबवला. देशासाठी खेळणाऱ्यांनी पैशाचं काय घेऊन बसावं, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. मला त्या मुलांचं वागणं तेव्हाही रास्त वाटलं, आजही वाटतं. रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरी करून ही मुलं देशाचा शर्ट घालत होती. हक्काचे पैसे मागायलाही संप करावा लागावा, ही लाज त्यांची नव्हती. पुढच्या महिन्यात दिल्लीत पहिल्याच सामन्यात त्यांनी पाकिस्तानला 4-1 असं हरवलं, देश नाचला, आणि मग ऑस्ट्रेलिया, स्पेन, इंग्लंड असे एकामागून एक पराभव घेत संघ आठव्या स्थानावर गेला. पाकिस्तानला हरवलं की भरून पावलं, ही आमची जुनी खोड. तिने या संघाचं बरंच नुकसान केलंय. त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आठ गोल चढवले, आपला एकही नाही. आपण जगाच्या किती मागे आहोत ते त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी दिसलं.

तळ मात्र लंडनला लागला. 2012 च्या फेब्रुवारीत फ्रान्सला 8-1 असं चिरडून, त्यात संदीप सिंगचे पाच गोल, संघ मोठ्या थाटात ऑलिम्पिकला पात्र ठरला होता. लंडनमध्ये सहाच्या सहा सामने हरला. बारा संघांत बारावा. शेवटचा सामना अकराव्या जागेसाठी होता, तोही दक्षिण आफ्रिकेकडून 3-2 असा गमावला. त्यानंतर हॉकीचा विषय काढला तरी लोक कीव केल्यासारखं बघत.

पुढची काही वर्षं प्रशिक्षक येत राहिले, जात राहिले. मायकेल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन अॅस, रोलंट ऑल्टमन्स, श्योर्द मरीने, हरेंद्र सिंग. कुणी दोनेक वर्षं काढली, कुणी वर्षही नाही. वॉल्शच्या हाताखाली 2014 मध्ये इंचिऑनला पाकिस्तानला शूटआउटमध्ये हरवून सोळा वर्षांनी एशियाडचं सुवर्ण मिळालं, रिओचं तिकीट हातात पडलं, आणि महिना-दीड महिन्यात वॉल्श गेला. दोष संघटनेचा होताच. पण प्रत्येक पराभवानंतर ‘काढा याला’ म्हणून ओरडणारे आम्हीच होतो, आणि त्या ओरड्यामुळे निर्णय घेणाऱ्यांना आयतं निमित्त मिळायचं. पहिला प्रशिक्षक बचाव शिकवत असतानाच दुसरा येऊन आक्रमण शिकवायचा. खेळाडूंनी कोणाचं ऐकायचं?

या गोंधळाच्या पोटातच एक काम नीट चाललं होतं. डिसेंबर 2016 मध्ये लखनौला ज्युनियर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने बेल्जियमला 2-1 असं हरवलं. हरेंद्र सिंग यांनी घडवलेला तो संघ. गोल केले गुरजंत आणि सिमरनजीत यांनी. हरमनप्रीत, मनदीप, वरुण, सुमित, नीलकांत हे सगळे त्याच संघातले. पुढे टोकियोला गेलेल्या संघाचा कणा हाच. पुनर्बांधणी म्हणतात ती मला लखनौपासून सुरू झालेली दिसते, कारण तिथून एक अख्खी पिढी एकत्र वर आली. एकमेकांचा पास डोळे मिटून ओळखणारी.

दुसरी गोष्ट ओडिशाची. 2018 मध्ये नवीन पटनायक यांच्या सरकारने पुरुष आणि महिला दोन्ही संघांचं प्रायोजकत्व घेतलं. एका राज्याने राष्ट्रीय संघाला पोसायचं, हे नवलच होतं. पण सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामारा या एका गावाने दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास असे दोन बचावपटू देशाला दिलेत, हे लक्षात घेतलं की त्या पैशामागची ओढ कळते. पुढे राउरकेलाला बिरसा मुंडांच्या नावाने वीस हजारांवर प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं आणि ते भरूही लागलं.

एप्रिल 2019 मध्ये ग्रॅहम रीड प्रशिक्षक म्हणून आला. मग करोना आला, ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं, खेळाडू बंगळुरूच्या साई केंद्रात महिनोन्‌महिने अडकून पडले. कर्णधार मनप्रीतसह काहींना लागणही झाली. तरी प्रशिक्षक बदलला नाही. माझ्या मते टोकियोच्या पदकाचं मूळ या न बदलण्यात आहे.

टोकियोत दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने 7-1 असा फडशा पाडला, आणि लंडनची भुतं पुन्हा उठली. मागचे पाढे पंचावन्न, असं म्हणत कितीतरी जणांनी टीव्ही बंद केला. संघाने मात्र हाय खाल्ली नाही. स्पेन, अर्जेंटिना, जपान, मग उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटन असे विजय आले. बेल्जियमशी हार झाली आणि 5 ऑगस्ट 2021 ला सकाळी सात वाजता कांस्यपदकासाठी जर्मनी समोर उभी राहिली. 1-3 अशा पिछाडीवरून 27 ते 34 या मिनिटांत चार गोल! त्यातला शेवटचा सिमरनजीतचा, त्या दिवसातला त्याचा दुसरा. सुरुवातीच्या सोळांत त्याचं नावही नव्हतं. करोनामुळे राखीव खेळाडूंनाही खेळवायची मुभा मिळाली म्हणून तो मैदानात होता.

मग 5-4 असताना, घड्याळात सहा-सात सेकंद उरलेले, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. इथे थोडं थांबायला हवं. पेनल्टी कॉर्नरला बचावाची पाचच माणसं गोलरेषेमागे उभी राहू शकतात, गोलरक्षक धरून. बाकीचे मधल्या रेषेपलीकडे. चेंडू आत सरकवला की समोरच्यांनी तो ‘डी’च्या टोकाशी थांबवून ड्रॅग फ्लिक मारेपर्यंत जेमतेम सव्वा-दीड सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात पहिला धावणारा, तोंडावर मुखवटा, गुडघ्यांना पॅड बांधून, फ्लिकरच्या अंगावर सरळ धावत जातो. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा चेंडू अंगावर घ्यायची तयारी ठेवूनच. भारताकडून हे काम अमित रोहिदासचं. तो एक बाजू झाकतो, दुसरी बाजू गोलरक्षकाला सोडतो. दोघांत बोलणं होत नाही, वेळच नसतो. शेकडो तासांच्या सरावात ठरलेली ही वाटणी. त्या सकाळी फ्लिक गोलरक्षक श्रीजेशच्या वाट्याच्या बाजूने आली आणि त्याने ती अडवली. 1980 च्या मॉस्कोनंतर 41 वर्षांनी पदक. श्रीजेश गोलच्या खांबावर चढून बसला, ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. मला मात्र रोहिदासची ती धाव आठवते. आमच्यासारख्या ड्रिबलिंगवर वाढलेल्या प्रेक्षकांना चेंडूशिवायची धाव बघायला याच संघाने शिकवलं.

त्याच टोकियोत मुलींनी ऑस्ट्रेलियाला 1-0 असं हरवून उपांत्य फेरी गाठली, ब्रिटनशी 3-4 अशी झुंज देऊन चौथ्या आल्या. पण उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून तिच्या कुटुंबाला जातीवरून शिव्या देण्यात आल्या. आदल्याच आठवड्यात तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती. पाठीराख्यांचा इतिहास लिहायचा तर ही घटना गाळता येत नाही. हरलेल्या खेळाडूची जात काढणाऱ्याला पाठीराखा म्हणूच नये; आणि आजूबाजूच्या खऱ्या पाठीराख्यांनी तेव्हा आणखी मोठ्याने बोलायला हवं होतं.

2023 चा विश्वचषक ओडिशातच होता. न्यूझीलंडविरुद्ध 3-1 अशी आघाडी गमावली, सामना 3-3, आणि शूटआउटमध्ये हार. संघ पहिल्या आठांतही नाही. रीडने राजीनामा दिला. क्रेग फुल्टन आला आणि त्याने पहिली गोष्ट ठरवली: आधी बचाव, मग जिंकणं. जुन्या चाहत्यांना हे रुचलं नाही. खडकीतली एक-दोन वडीलधारी माणसं अजून म्हणतात, ही आपली हॉकीच नाही. पण पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व सामन्यात 17 व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड दाखवलं गेलं आणि उरलेला सगळा सामना दहा जणांनी ब्रिटनला 1-1 वर रोखून धरला, शूटआउट 4-2 ने जिंकला, तेव्हा त्या सवयीचं मोल कळलं. त्या सामन्याइतका सुंदर बचाव मी भारताकडून पाहिलेला नाही. बंदीमुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदास नव्हता. पहिल्या धावणाऱ्याची जागा रिकामी होती आणि पेनल्टी कॉर्नरला ती जाणवली. 2-3 अशी हार. मग स्पेनला 2-1 ने हरवून कांस्य, दोन्ही गोल हरमनप्रीतचे. 1968 आणि 1972 नंतर पहिल्यांदाच लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये पदक. श्रीजेश निवृत्त झाला, त्याची 16 क्रमांकाची जर्सीही त्याच्याबरोबर निवृत्त झाली.

पुन्हा परीक्षा आली ती 2025 च्या जूनमध्ये. प्रो लीगच्या युरोपातल्या टप्प्यात ओळीने सात पराभव, त्यातले बहुतेक एका गोलाने. फुल्टनला घालवा, ही हाकाटी सुरू झालीच. पण या वेळी तिला उत्तर देणारेही तितकेच होते. पेनल्टी कॉर्नर किती वाया गेले, श्रीजेशनंतरचे गोलरक्षक अजून रुळताहेत, शेवटच्या पाच मिनिटांत मधली फळी कशी थकते, अशा मुद्द्यांवर साधे प्रेक्षक भांडत होते. पूर्वी असं भांडण ऐकायला मिळत नसे. फुल्टन राहिला. सप्टेंबरमध्ये राजगीरला भारताने कोरियाला 4-1 ने हरवून आशिया चषक जिंकला आणि 2026 च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं.

टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पदकविजेत्या संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता, हे शल्य आहे. धनराजच्या राज्यात, मरीन लाइन्सजवळच्या वीज नसलेल्या घरातून भारतीय संघात गेलेल्या युवराज वाल्मीकीच्या शहरात हे व्हावं, याचं वाईट वाटतं. राजगीरच्या संघात मात्र कृष्णबहादूर पाठकच्या जोडीला मुंबईचा सूरज करकेरा गोलरक्षक होता. आणि मुलींमध्ये फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या. महिला संघ रांचीच्या पात्रता फेरीत जपानकडून 0-1 असा हरून पॅरिसला मुकला. त्यांची बांधणी आता कुठे नव्याने सुरू झालीय. पुरुष संघाला लंडननंतर जेवढा वेळ मिळाला, तेवढाच त्यांनाही मिळायला हवा. फलटणच्या एसटीत कुणी हॉकीची स्टिक घेऊन चढलेली मुलगी दिसली, तर तिला कुठे निघालीस, कोणत्या जागी खेळतेस, एवढं तरी विचारा.