चढाईपटूचे मोल कशावरून ठरते?

प्रो कबड्डी लीगच्या लिलावाचे दिवस आले की एकच प्रश्न चर्चेत असतो: कोणत्या चढाईपटूवर किती बोली लागणार? २०१४ साली पहिल्या लिलावात राकेश कुमारसाठी पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार रुपये मोजले, तेव्हा तीच रक्कम डोळे दिपवणारी वाटली होती. २०१८ मध्ये मोनू गोयतला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाखांना घेतले आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. बोली वाढत गेली. मात्र खेळाडूची पारख करण्याची रीत त्याच वेगाने सुधारली काय, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचे जे स्थान, तेच कबड्डीत प्रमुख चढाईपटूचे. संघाचे आक्रमण त्याच्यावर अवलंबून असते, पैसा त्याच्यावर ओतला जातो आणि पराभवाचे खापरही त्याच्याच डोक्यावर फुटते. तेथे नवोदितांची निवड लिलावाने होत नाही. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पसंती मिळते आणि मग क्रमाने इतरांची पाळी येते. गोव्यातील फुटबॉलप्रेमींना या पद्धतीचे एक रूप परिचित आहे. २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी असाच ड्राफ्ट झाला होता. एफसी गोवाने मंदार राव देसाई व लक्ष्मीकांत कट्टीमणी यांना त्याआधीच संघात कायम राखले होते. त्या ड्राफ्टमध्ये खेळाडूची किंमत आधी ठरलेली होती. चुरस होती ती क्रमाची. कबड्डीच्या लिलावात किंमत त्याच क्षणी ठरते, आणि म्हणून पारखीतली चूक अधिक महागात पडते.

एकूण गुणांचा भ्रम

चढाईपटूच्या नावापुढे छापला जाणारा पहिला आकडा त्याच्या एकूण गुणांचा असतो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. समजा, एका चढाईपटूने सामन्यात २० चढाया करून १० गुण मिळवले आणि तो ७ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १४ चढायांत ८ गुण घेतले आणि तो २ वेळाच पकडला गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्याचेच नाव ठळक छापले जाईल. पण प्रत्येक पकडीने प्रतिस्पर्ध्याला किमान एक गुण मिळतो. तो वजा केला, तर पहिल्याचे संघाला निव्वळ योगदान ३ गुणांचे आणि दुसऱ्याचे ६ गुणांचे ठरते.

हिशेब येथेच संपत नाही. पकडला गेलेला खेळाडू मैदानाबाहेर बसतो आणि सहकाऱ्याने गुण मिळवून त्याला जिवंत करीपर्यंत परतू शकत नाही. प्रमुख चढाईपटू बाहेर असतानाच बहुधा लोण चढतो आणि प्रतिस्पर्ध्याला आणखी २ गुण मिळतात. म्हणून जाणकार निवडकर्ता ‘किती गुण’ यापेक्षा ‘किती चढायांत किती गुण, आणि किती वेळा पकड’ हे आधी विचारतो.

गुण कोणत्या परिस्थितीत आले, हेही तितकेच महत्त्वाचे. मैदानावर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण घेता येतो, तर तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेली अव्वल पकड प्रतिस्पर्ध्याला दोन गुण देऊन जाते. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. अन्यथा चढाईपटू बाद. ३० सेकंदांच्या या तिसऱ्या चढाईत प्रतिस्पर्धी सावध असतो, कोपरारक्षक दबा धरून असतात आणि रिकाम्या हाताने परतण्याची सोय नसते. खेळाडूची खरी कसोटी येथे लागते. आघाडीवर असताना कमकुवत बचावाविरुद्ध मिळवलेले पाच गुण आणि बरोबरीत असताना शेवटच्या मिनिटांत तिसऱ्या चढाईवर मिळवलेले दोन गुण एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

किंमत चौपट, गुण तेवढेच

गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. २०१८ च्या सहाव्या पर्वात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या पर्वात त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले आणि संघाने बाद फेरी गाठली. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. सातव्या पर्वात त्याने २२ सामन्यांत २१७ गुण घेतले. म्हणजे कामगिरी जवळपास तीच, किंमत मात्र चौपट. आणि संघ बाद फेरीपासून दूरच राहिला.

यात दोष खेळाडूचा नव्हता. त्याने दिलेला शब्द पाळला होता. फरक होता तो सभोवतालचा. मुंबईत त्याच्या पाठीशी फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखालील भक्कम बचाव होता. चढाईपटू बाद झाला, तरी बचावफळी पकड करून त्याला पुन्हा मैदानात आणत असे. बोली लावताना व्यक्तीची किंमत केली गेली; त्या व्यक्तीला फळू देणाऱ्या रचनेची नाही. पुढे आठव्या पर्वात दुखापतीने त्याला तीन सामन्यांनंतरच थांबवले. पारखीत शरीराचा हिशेब का हवा, याचेही ते उत्तर आहे.

पवन सेहरावतची कहाणी हेच अधिक ठळकपणे सांगते. बेंगळुरू बुल्सकडून सातव्या पर्वात ३४६ गुण मिळवणारा हा असामान्य चढाईपटू २०२२ मध्ये २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाजकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन पर्वाला मुकला. पुढच्या वर्षी टायटन्सने विक्रमी बोली लावली. त्या वेळी प्रत्येक संघाची खर्चमर्यादा ५ कोटींची होती. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका खेळाडूवर गेली. पवनने त्या दहाव्या पर्वात दोनशेहून अधिक गुण घेतले, तरीही टायटन्सला २२ सामन्यांत दोनच विजय मिळाले.

त्याच पर्वात पुणेरी पलटण विजेता ठरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात त्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवले. पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते असे चढाईचे ओझे वाटून घेणारे तिघे होते. मोठी रक्कम मोजली होती ती इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी, म्हणजे बचावासाठी. कर्णधार अस्लम पर्वाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हा खेळाडू आणि मोहित, दोघेही आठव्या पर्वात ‘नवोदित युवा खेळाडू’ या गटातून पलटणमध्ये आले होते. लिलावाच्या झगमगाटात नव्हे, सरावाच्या मैदानावर झालेली ती पारख होती.

नवोदिताची पारख

प्रस्थापिताविषयी निदान आकडे तरी असतात. नवोदिताचे काय? अमेरिकेत यासाठी इंडियानापोलिसमध्ये दरवर्षी शिबिर भरते. धावण्याचा वेग, उडी, उंची, हाताचा पंजा असे सारे मोजले जाते. तरीही २००० साली टॉम ब्रेडीची निवड १९९ व्या क्रमांकावर झाली. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढे ब्रेडीने सात सुपर बोल जिंकले. उलट १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ अल्पावधीतच विस्मृतीत गेला. फितीने मोजता येते ते शरीर. दडपणाखालचा निर्णय मोजता येत नाही.

कबड्डीत आणखी एक अडचण आहे. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरची अनेक मुले मातीवर खेळून तयार होतात, लीगचा खेळ मात्र मॅटवर, बूट घालून होतो. मातीवर पाय सरकतो, मॅटवर तो रोवला जातो. चढाईतले वळण, माघार आणि घोट्यावर पडणारा ताण सारेच बदलते. मातीवर अजिंक्य वाटणारा मुलगा मॅटवर महिनाभर चाचपडला, तर तो अपात्र ठरत नाही. तो किती लवकर जुळवून घेतो, हे पाहायला हवे.

म्हणून नवोदिताकडे पाहताना चार गोष्टी निर्णायक मानता येतील. पहिली, त्याच्याकडे एकाहून अधिक अस्त्रे आहेत काय. केवळ हाताच्या स्पर्शावर जगणाऱ्याला प्रतिस्पर्धी दोन सामन्यांत ओळखतात. दुसरी, पकडला गेल्यावर पुढची चढाई तो कशी करतो. तिसरी, रिकामे परतणे शहाणपणाचे असेल तेव्हा परतण्याचा संयम त्याच्याकडे आहे काय. चौथी, गुडघे, खांदे आणि घोटे यांचा पूर्वेतिहास.

यातली एकही गोष्ट गुणपत्रिकेत नोंदली जात नाही. ग्रामीण स्पर्धेत विजेत्याचे नाव आणि करंडक उरतो. कोणी किती चढाया केल्या आणि किती वेळा पकडला गेला, ते स्पर्धेबरोबरच पुसले जाते. तालुका पातळीवरच्या क्लबांनी एवढी नोंद जरी एका वहीत ठेवली आणि महत्त्वाचे सामने मोबाईलवर चित्रित केले, तर निवडकर्त्यासमोर मुलगा केवळ शिफारशीवर उभा राहणार नाही. चढाईपटूची उमेदीची वर्षे मोजकीच असतात आणि एक दुखापत त्यातली दोन हिरावून नेऊ शकते. कोटींच्या बोलीत चूक झाली, तर संघाचे एक पर्व वाया जाते. गावच्या मैदानावर पारख चुकली, तर एका मुलाची संधीच जाते, आणि त्या नुकसानीची नोंद कुठल्याही लिलावात होत नाही.