गाडी पळतेय आणि मागच्या ट्रेलरचा इमर्जन्सी ब्रेक अचानक लागतो, कारण असते हातभर केबल

गाडी हायवेवर ताशी १०० किलोमीटरच्या वेगात चालली आहे. मागे दोन-तीन टनांचं चाकांवरचं घर जोडलेलं आहे. चालकाने ब्रेकला पायही लावलेला नाही, आणि अचानक त्या घराची चारही चाकं जाम होतात. टायर रस्त्यावर घासत जातात, धूर निघतो, मागून येणाऱ्या गाडीला सावरायला वेळ मिळत नाही.

ज्या ब्रेकमुळे हे होतं, तो खरंतर जीव वाचवण्यासाठीच बसवलेला असतो. मग तो नको तेव्हा का लागतो? आणि तो लागू नये म्हणून नेमकं काय करायचं? समजून घेऊ.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय?

ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. मागच्या ट्रॉलीला स्वतःचं इंजिन नसतं, पुढचा ओढेल तिकडे ती जाते. ट्रॅव्हल ट्रेलरचं तसंच असतं, फक्त ट्रॉलीच्या जागी बेड, किचन, बाथरूम असलेलं घर असतं. अमेरिका आणि कॅनडात पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे असं घर जोडून सुट्टीला निघणं अगदी नेहमीचं आहे. तिकडे राहणारी मराठी कुटुंबंही ट्रेलर भाड्याने घेऊन नॅशनल पार्क फिरायला जातात. भाड्याने घेतलेल्या ट्रेलरची अडचण अशी की चावी देताना किचन, पाणी, गॅस सगळं दाखवलं जातं, पण पुढच्या दांड्यावरच्या एका छोट्या डबीकडे लक्ष जातंच असं नाही. आपला विषय आहे ती डबी.

ती डबी करते काय?

तिचं नाव ब्रेकअवे स्विच. ट्रेलरच्या पुढे इंग्रजी 'ए' अक्षरासारखी लोखंडी फ्रेम असते, त्यावर हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा स्विच बसवलेला असतो. त्यात एक पिन खोचलेली असते. पिनेला बारीक तारेची केबल असते आणि केबलचं दुसरं टोक पुढच्या गाडीला अडकवलेलं असतं.

स्विचच्या आत दोन धातूच्या पट्ट्या स्प्रिंगने एकमेकींकडे ढकललेल्या असतात. वीज वाहून न नेणारी पिन त्यांच्या मधे उभी राहते, म्हणून त्या चिकटत नाहीत. पिन निघाली की पट्ट्या जुळतात आणि ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा पूर्ण करंट थेट ब्रेकला जातो.

बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरला इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक असतात. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, ड्रमबरोबर ओढला जातो आणि ब्रेक शू दाबतो. एरवी चालकाजवळचा कंट्रोलर हा करंट कमी-जास्त करतो. ब्रेकअवे स्विचला कमी-जास्त काही कळत नाही. तो एकतर बंद, नाहीतर पूर्ण जोरात चालू.

याचा उद्देश साधा आहे. हिच तुटली, साखळ्याही तुटल्या आणि ट्रेलर सुटला, तर केबल पिन ओढून काढेल आणि ट्रेलर स्वतःच्या ब्रेकवर थांबेल. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार व्यावसायिक वाहनांमागच्या ब्रेक असलेल्या ट्रेलरमध्ये, ट्रेलर सुटला की ब्रेक लगेच आपोआप लागले पाहिजेत आणि किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. खासगी ट्रेलरसाठी राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. अनेक राज्यांत ३००० पौंड, म्हणजे साधारण १३६० किलोच्या वरच्या ट्रेलरला ही व्यवस्था लागते.

रेल्वेच्या ब्रेकपेक्षा हे उलटं आहे

रेल्वेतही डबा सुटला की ब्रेक आपोआप लागतात. ही पद्धत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७० च्या दशकात आणली. पाइपमधल्या हवेच्या दाबामुळे ब्रेक सुटलेले राहतात. पाइप तुटला किंवा कुणी साखळी ओढली, की दाब कमी होतो आणि ब्रेक लागतात. म्हणजे यंत्रणा बिघडली तरी गाडी थांबते.

ट्रेलरमध्ये ब्रेक लागायला वीज लागते. बॅटरी संपलेली असेल तर पिन निघूनही काही होणार नाही. म्हणून या स्विचच्या दोन चुका असतात: नको तेव्हा लागणं आणि हवा तेव्हा न लागणं. पहिली चूक टाळण्याच्या नादात लोक दुसरी करून बसतात, आणि ती जास्त महागात पडते.

नको तेव्हा पिन का निघते?

केबल आखूड असते. सरळ रस्त्यावर सगळं ठीक दिसतं. पण कॅम्पच्या जागेत ट्रेलर मागे घेताना गाडी आणि ट्रेलर यांच्यात मोठा कोन होतो, वळणाच्या बाहेरच्या बाजूचं अंतर वाढतं आणि केबल ताणली जाते.

केबल लांब असते. मग ती लोंबते, रस्त्यावर घासून झिजते, फांदीत किंवा स्पीड ब्रेकरवर अडकते.

केबल मधेच अडकते. त्याच फ्रेमवर जॅक, साखळ्या आणि वजन विभागणाऱ्या हिचचे दांडे असतात. केबल जॅकला वळसा घालून गेली असेल, तर पुढच्याच वळणावर ओढली जाते.

माणसाचा पाय किंवा हात लागतो. फ्रेमवरून पलीकडे जाताना केबलवर पाय पडतो. पेट्रोल पंपावर कुणी खोडी म्हणून ओढून जातं.

ट्रेलर सोडताना केबल काढायची राहते. साखळ्या काढल्या, वायरचा प्लग काढला, केबल विसरली आणि गाडी पुढे नेली. पिन निघाली, पण आवाज नाही, धक्का नाही. उभ्या ट्रेलरमध्ये चाकं फिरत नसल्यामुळे ब्रेक लागल्याचं कळतही नाही. चुंबक मात्र करंट खात राहतात. एका चुंबकाला साधारण ३ अँपिअर, म्हणजे चार चाकांना १२ अँपिअर. एका रात्रीत बॅटरी झोपते आणि चुंबक तापतात ते वेगळंच. म्हणूनच पिन काढून ठेवून या ब्रेकचा हँडब्रेकसारखा वापर कधीही करू नये.

झिप-टायचा जुगाड नको

एकदा असा ब्रेक लागला की वैतागून पिन झिप-टायने स्विचला बांधणं, केबल ट्रेलरच्याच फ्रेमला गुंडाळणं किंवा केबल लावणंच सोडून देणं, असे उपाय सुचतात. यानंतर ब्रेक चुकून कधीच लागणार नाही, हे खरं. पण ट्रेलर सुटला तरी तो लागणार नाही. उतारावरून सुटलेलं तीन टनांचं घर समोरच्या लेनमध्ये गेलं, तर ते थांबवायला काहीच उरत नाही. पिन सहज निघायलाच हवी. ती फक्त योग्य कारणासाठी निघावी, एवढंच बघायचं.

मग केबल कशी लावायची?

- केबल पुढच्या गाडीच्या पक्क्या भागाला, म्हणजे गाडीला कायम बसवलेल्या हिचच्या फ्रेमला लावा. बॉल ज्या दांड्यावर असतो त्या काढता येणाऱ्या दांड्याला नको, कारण तो दांडाच निसटला तर केबलही त्याच्याबरोबर जाते आणि पिन जागेवरच राहते.
- साखळीला किंवा साखळीच्या हुकला केबल अडकवू नका.
- हुकवर नुसती टाकून ठेवू नका. स्क्रूने बंद होणारी लिंक किंवा मजबूत कॅरॅबिनर वापरा.
- केबल सरळ रेषेत जाऊ द्या. जॅक, साखळी, वायर यांना वळसा नको. लांबी कमी करायला गाठ मारणं किंवा साखळीला पीळ देणंही नको.
- लांबी मोकळ्या मैदानात तपासा. एकाने गाडी हळू चालवत दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त वळवून मागे घ्यावी, दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून बघावं. पूर्ण वळणावरही केबलला ढील हवी आणि सरळ असताना ती जमिनीला टेकायला नको.
- दोन्ही एकदम जमत नसेल, तर स्प्रिंगसारखी वेटोळी केबल मिळते. ती वळणावर लांबते आणि एरवी लोंबत नाही.
- साखळ्यांच्या तुलनेत केबल किती लांब असावी, याबद्दल उत्पादकांचे सल्ले सारखे नाहीत. आपल्या ट्रेलरच्या पुस्तिकेत दिलंय तेच पाळा.

प्रत्येक थांब्यानंतर निघताना ट्रेलरभोवती एक चक्कर मारा आणि पिन पूर्ण आत आहे का, ते बोटाने दाबून बघा.

पिन जागेवर आहे, तरी ब्रेक लागलाय?

असंही होतं. स्विच पुढे उघड्यावर असतो, त्यात पाणी शिरून पट्ट्या गंजतात आणि पिन असतानाही करंट जातो. किंवा गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमध्ये पाणी जाऊन चार्जिंगचा करंट ब्रेकच्या वायरला मिळतो.

दोष कुठे आहे ते शोधायला आधी प्लग काढा. ब्रेक सुटला, तर गडबड प्लगमध्ये किंवा गाडीच्या बाजूला. सुटला नाही, तर स्विचची बॅटरीकडून येणारी वायर वेगळी करा. आता सुटला, तर स्विच बदला, तो महाग नसतो. तरीही चाक जड फिरत असेल किंवा एकच चाक तापत असेल, तर ब्रेकमध्येच बिघाड आहे. मेकॅनिककडे जा.

रस्त्यात ब्रेक लागलाच तर?

स्टिअरिंग सरळ धरा, घाबरून जोरात ब्रेक मारू नका. हॅझर्ड लाइट लावा आणि वेग कमी होत असताना गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. उतरल्यावर पिन पुन्हा खोचा. निघण्यापूर्वी टायर बघा, कारण घासून एका जागी सपाट झालेला टायर पुढे फुटू शकतो.

पिन हरवली, तर हाताला येईल तो खिळा खुपसू नका. धातूतून करंट जातच राहील. दुसऱ्या कंपनीची पिन बसेलच असं नाही, म्हणून आपल्या स्विचची एक जादा पिन गाडीत ठेवा. तीही नसेल, तर स्विचची बॅटरीकडची वायर काढून टोकाला टेप लावा आणि जवळच्या दुकानापर्यंतच हळू जा. नुसती बॅटरी काढून भागत नाही, कारण प्लग जोडला की गाडीकडून येणारा चार्जिंगचा करंट त्याच स्विचपर्यंत पोहोचू शकतो.

निघण्यापूर्वीची चाचणी

ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा, पण प्लग काढा, नाहीतर उलटा करंट जाऊन ब्रेक कंट्रोलर बिघडू शकतो. पिन काढा आणि गाडी अगदी हळू पुढे घ्या. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. अडली नाहीत, तर बॅटरी, स्विच किंवा वायरिंगमध्ये दोष आहे आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय निघू नका. चाचणी झाली की पिन लगेच आत घाला आणि प्लग जोडा.

हे सगळं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ट्रेलर भाड्याने घेत असाल, तर चावी घेतानाच तिथल्या माणसाला विचारा: "ब्रेकअवे केबल कुठे लावायची ते दाखवा, आणि पिन काढून ब्रेक लागतो का तेही दाखवा."