मेटीखेड्याच्या कारभारणी

यवतमाळच्या राजकारणातल्या बाया म्हटलं की पहिलं नाव निघतं भावना गवळींचं. १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार. आधी वाशिम, मग २००९ पासून यवतमाळ-वाशिम. पंचवीस वर्षं लोकसभेची जागा राखणं सोपं नाही. पण माझा जीव अडकलाय तो कळंब तालुक्यातल्या मेटीखेड्यात.

१९८९ साली या गावानं अख्खी ग्रामपंचायत बायांच्या हाती दिली. तेव्हा पंचायतीत एखाद-दुसरी बाई असायची, तीही सहीपुरती. मेटीखेड्यात मात्र पूर्ण पॅनलच बायांचं! याचं बी पडलं होतं नोव्हेंबर १९८६ मध्ये, चांदवडला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तिथं महिला अधिवेशन भरवलं आणि त्यातून शेतकरी महिला आघाडीनं जोर धरला. पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्यानं आपल्या वावराचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यासाठी गाजलं. मला ही मोहीम सरपंचपदाइतकीच मोलाची वाटते, कारण सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईचं बोलणं चावडीवर वेगळ्या कानानं ऐकलं जातं. मेटीखेड्यासारख्या बायांच्या पंचायतींवर १९९८ मध्ये बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेलं इंग्रजी पुस्तक आलं. त्याचं नावच होतं, ‘आणि पोळ्या कोण करणार?’ निवडून आलेल्या पुरुषाला हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

कायदा मागून आला. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या.

या बळाचा खरा कस लागतो दारूच्या दुकानापाशी. दुकान बंद करा म्हणून गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते कळतं. मेख पुढं आहे. आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसती झालेल्या मतदानातली नव्हे. म्हणजे माहेरी गेलेली, आजारी पडलेली, कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीकडं मोजली जाते. वेचणीची मजुरी किलोवर. मतदानासाठी दिवस मोडला की ती बुडाली. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. तरीही बाया सह्या गोळा करत दारोदार फिरतात. शेजारचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. यवतमाळलाही तसं करा, ही मागणी स्वामिनी आंदोलनानं लावून धरली.

मेटीखेड्याच्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली, त्या अंगणवाडीत मदतनीस झाल्या, ‘तेरवं’ नाटकात उभ्या राहिल्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं आणि त्याच वर्षी त्यांनी प्रहार पक्षाकडून लोकसभा लढवली. समोर होत्या भावना गवळी. वैशालीताई हरल्या, पण शेतकऱ्याच्या विधवेनं हळहळ गोळा करण्याऐवजी मतं मागितली, ही गोष्ट मी फार मोठी मानतो.

विधानसभेत मात्र बायांचा दुष्काळ. २०१३ च्या पोटनिवडणुकीत नंदिनी पारवेकर यवतमाळमधून निवडून आल्या होत्या; २०२४ मध्ये जिल्ह्यातल्या सातही जागा पुरुषांनीच जिंकल्या. २०२३ चा महिला आरक्षण कायदा जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेला आहे. तिकीट देणं मात्र पक्षांच्या हातात आजही आहे, आणि सरपंचकी केलेल्या बाया प्रत्येक तालुक्यात आहेत.