गिअरबॉक्सचं तेल, घरच्या घरी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात, शिवाय उष्णताही तेच वाहून नेतं. म्हणून ‘कुठलंही चालतं’ हा सल्ला सरळ धुडकावावा. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तर वेगळंच असतं.

तेल बदलताना गाडी सपाट जागी, पक्क्या स्टँडवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणं हा शुद्ध वेडेपणा! आधी तेल भरायचा नट सुटतो का ते पाहा, मगच तेल काढायचा खालचा नट उघडा. बहुधा निम्म्याहून कमीच तेल बाहेर येतं. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडून राहतं. निघालेलं मोजून तेवढंच भरा. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तपासायची.